घराचे व्यवस्थापन : कार्यालयातील कोणत्या पद्धती घरात आणाव्यात आणि कशा

बुधवारच्या डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ द्यायची असेल, तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी लागते आणि मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते. उसळ फोडणीला टाकल्यापासून शिजेपर्यंत जेमतेम अर्धा तास लागतो, पण तिचा विचार कोणीतरी दीड दिवस आधी केलेला असतो. कारखान्यात असा विचार करण्यासाठी उत्पादन नियोजनाचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथील माणसांना त्याच कामाचा पगार मिळतो. घरात मात्र हा विचार एकाच व्यक्तीच्या, बहुतेक वेळा घरातील बाईच्या, डोक्यात इतर असंख्य विचारांबरोबर चाललेला असतो आणि तो काम म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हा फरक मोठा आहेच, पण पोळ्या लाटता लाटता मनात चाललेल्या नियोजनाचा हिशेब अशा पाहणीत फारसा येऊ शकत नाही, म्हणून खरा भार याहूनही अधिक आहे असे मला वाटते.

व्यवस्थापनशास्त्राचा घराला सर्वांत मोठा उपयोग याच ठिकाणी आहे. घरातील माणसांना अधिक वेगाने पळवण्यासाठी त्याचा वापर करू नये. एकाच्या डोक्यात साठलेली माहिती सर्वांना दिसेल अशा जागी आणण्यासाठी करावा. पुढील सर्व पायऱ्या या एका उद्देशाने मांडल्या आहेत. उदाहरणासाठी डोंबिवलीत राहणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू: पती-पत्नी दोघेही नोकरीसाठी लोकलने मुंबईला जातात, मुलगी पाचवीत आहे, धाकटा मुलगा शाळा सुटल्यावर पाळणाघरात थांबतो आणि घरात मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी आहेत.

पहिली पायरी : सगळी कामे कागदावर उतरवा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. स्वयंपाकघरात एक वही आणि पेन दोरीने बांधून ठेवा आणि घरातील प्रत्येकाने आपण केलेले किंवा आठवलेले काम त्यात लिहावे, असे ठरवा. केर काढणे, भांडी, कपडे ही कामे लगेच लिहिली जातात. ज्यांच्यासाठी ही नोंद करायची ती कामे वेगळीच असतात: रात्री विरजण लावणे, गहू संपत आल्याचे पाहून दळण टाकणे, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील सूचना वाचून उद्या रंगपेटी न्यायची आहे हे मुलीला सांगणे, आजींच्या साखरेच्या तपासणीची तारीख ठरवणे, मुलाचे बूट आखूड झाल्याचे लक्षात येणे, नात्यातील लग्नाच्या आहेराचा विचार करणे. अशा प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते किती दिवसांनी करावे लागते, सध्या कोण करते आणि ते करायचे आहे हे कोणाला आठवते. तिसरा रकाना बहुतेक घरांत एकाच नावाने भरतो. तो रकाना सर्वांनी एकत्र बसून शांतपणे वाचणे, एवढ्यानेही पुढच्या चर्चेचा सूर बदलतो, कारण मग कोण किती राबते या वादाऐवजी समोर एक कागद असतो.

यादी पूर्ण झाल्यावर तिच्यातील काही कामे सरळ खोडून टाका. चादरींना इस्त्री, प्रत्येक सणाला घरीच केलेला प्रत्येक पदार्थ, रोज दोन भाज्या यांपैकी काय खरोखर हवे आहे आणि काय केवळ चालत आले आहे, याचा निर्णय घरानेच घ्यावा. जे काम करायचेच नाही ते नीट कसे करावे यावर डोके चालवण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी : एका कामाला एकच जबाबदार माणूस

कार्यालयात एखाद्या कामाची जबाबदारी ‘आपण सगळे’ यांच्यावर टाकली, तर ते रेंगाळते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. घरात मात्र बहुतेक कामे अशीच सर्वांची असतात आणि अखेर एकीच्या वाट्याला येतात. त्यामुळे यादीतील प्रत्येक कामासमोर एकच नाव लिहा आणि त्या व्यक्तीकडे ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोपवा. किराणा ज्याच्याकडे आहे, त्याने काय संपत आले ते पाहावे, यादी करावी, सामान आणावे, डबे भरावेत आणि पैशांची नोंदही करावी. पत्नीने यादी करून द्यायची, पतीने दुकानात जायचे आणि तिथून तूरडाळ कोणती घेऊ म्हणून फोन करायचा, या व्यवस्थेत पिशवी उचलण्याचे श्रम तेवढे वाटले जातात, नियोजन तिच्याकडेच राहते.

काम सोपवताना ते किमान कसे व्हावे, हे आधी बोलून ठरवा. मुलाचा डबा ज्याच्याकडे आहे, त्याने त्यात पोळी-भाजी किंवा तत्सम काहीतरी पोटभरीचे आणि एक फळ द्यावे एवढे ठरले असेल, तर पोळी गोल आहे की नाही यावर दुसऱ्याने बोलू नये. काम दिले पण पद्धत आपलीच हवी असा आग्रह धरला, की महिन्याभरात ते काम आपल्याकडे परत येते. सवय नसलेल्या माणसाला काम शिकायला वेळ लागतो आणि त्या काळात मीठ कमी पडणे, कपड्यांचा रंग लागणे हे होणारच. तो शिकण्याचा खर्च आहे असे समजून सहन करावा.

मुलांनाही पूर्ण कामे द्या, मात्र लहान. पाचवीतली मुलगी पाण्याच्या बाटल्या भरणे, कुंड्यांना पाणी घालणे आणि स्वतःचे दप्तर रात्रीच भरणे एवढे स्वतंत्रपणे सांभाळू शकते. आजींना विचारल्याशिवाय त्यांची कामे काढूनही घेऊ नयेत आणि त्यांच्यावर लादूही नयेत. भाजी निवडणे, दूधवाल्याचा हिशेब ठेवणे ही कामे त्यांना हवी असतात की त्यांचा कंटाळा येतो, हे त्यांनीच सांगावे.

तिसरी पायरी : रविवारची बैठक

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाहून अधिक नाही, अशी बैठक घ्यावी. रविवारी सकाळच्या चहानंतरची वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते. विषयांचा क्रम कायम ठेवावा: मागच्या आठवड्यातले काय राहिले, येत्या सात दिवसांत कोणाला कधी उशीर होणार आहे, जेवणाचा साधारण बेत, मोठा खर्च आणि शेवटी मुलांचे किंवा आजींचे काही म्हणणे. बेत सात दिवसांचा लिहिला, की मटकी कधी भिजवायची, दळण कधी टाकायचे हे त्यातून आपोआप निघते, आणि रोज संध्याकाळी ‘आज काय करू’ हा थकवणारा प्रश्न पडत नाही. ठरलेल्या गोष्टी कोणी करायच्या आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवावे. बैठकीचे टिपण मुलीकडे दिले तर तिला लिहिण्याचा सराव होतो आणि मोठ्यांना आपला शब्द पाळावा लागतो. मुलांच्या गुणांवरून बोलणी किंवा जुने रुसवे या अर्ध्या तासात आणू नयेत, कारण एकदा तसे झाले की पुढच्या रविवारी मुले अंघोळीला पळतात.

आठवडा आखताना एक नियम मी कळकळीने सांगेन: तो पूर्ण भरू नका. यंत्राला क्षमतेच्या जवळजवळ शंभर टक्के काम दिले, तर थोड्याशा अडथळ्यानेही पुढची सगळी कामे रांगेत अडकतात आणि ती रांग झपाट्याने वाढत जाते, हे उत्पादन व्यवस्थापनात पक्के माहीत असलेले सत्य आहे. घरातही सोमवारी पोहणे, मंगळवारी अबॅकस, बुधवारी तबला अशी प्रत्येक संध्याकाळ बांधून टाकली, तर एका तापाने किंवा एका रद्द झालेल्या लोकलने आठवडा कोलमडतो. निदान दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा आणि त्यांना मोकळ्याच राहू द्या.

चौथी पायरी : भिंतीवरचा फळा

ठरलेले दिसले पाहिजे. फ्रिजच्या दारावर किंवा भिंतीवर एक छोटा पांढरा फळा लावून त्यावर तीन रकाने करा: करायचे, चालू, झाले. प्रत्येक काम एका चिकटचिठ्ठीवर लिहा, खाली नाव टाका आणि काम पुढे सरकेल तशी चिठ्ठी सरकवा. ‘चालू’ या रकान्यात मोठी कामे एका वेळी एक किंवा दोनच असावीत. घराला रंग, पासपोर्टचे नूतनीकरण आणि नव्या शाळेची चौकशी एकाच महिन्यात काढली, तर तिन्ही अर्धवट राहतात. एक संपवून दुसरे घेतले तर तिन्ही लवकर पूर्ण होतात. मोबाइलवरील अ‍ॅपही वापरता येते, पण आजी आणि मुले जे पाहत नाहीत ते साधन घराचे होत नाही, म्हणून सुरुवात भिंतीपासूनच करावी.

पाचवी पायरी : साठा आणि दोन सिलिंडरचे तत्त्व

टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कानबान नावाची पद्धत विकसित केली. तिचा गाभा असा की, पुढच्या टप्प्यावर माल वापरला गेला की त्याची खूण मागच्या टप्प्याला मिळावी आणि तेवढाच माल नव्याने तयार व्हावा. हे अवघड वाटत असेल तर स्वयंपाकघरातील गॅसकडे पाहा. १४.२ किलोची दोन सिलिंडर असलेल्या घरात पहिले संपते, दुसरे जोडले जाते आणि त्याच दिवशी नोंदणी होते. येथे अंदाज बांधावा लागत नाही, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही, रिकामे सिलिंडर हीच मागणीची सूचना असते.

हेच तत्त्व तेल, तूरडाळ, चहापूड, साबण आणि विशेषतः औषधे यांना लावा. प्रत्येक वस्तूचा एक वापरातला आणि एक राखीव असा साठा ठेवा. राखीव पुडा फोडणाऱ्याने ती वस्तू तत्क्षणी फळ्यावरील किराणा यादीत लिहावी, एवढा एकच नियम घरात पाळायचा. आजींच्या गोळ्यांच्या बाबतीत शेवटच्या दोन पाकिटांना रबर लावून ठेवावे. रबर काढावे लागले की नवी औषधे आणण्याची वेळ झाली. राखीव साठा किती, हे वस्तू मिळायला लागणाऱ्या वेळावर ठरवावे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या साखरेला मोठा साठा लागत नाही, पण गावाहून येणारे तांदूळ किंवा उन्हाळ्यातच होणारे मसाले आणि पापड यांचे गणित वर्षाचे असते, आणि आपल्या आज्या ते साठवणीच्या डब्यांवर अचूक मांडत आल्या आहेत.

वस्तू कोठे ठेवायची हेही याच पायरीत ठरते. अमेरिकेतील औद्योगिक अभियंत्या लिलियन गिलब्रेथ यांनी १९२४ मध्ये पतीच्या निधनानंतर अकरा मुलांचा संसार सांभाळताना कारखान्यातील हालचालींचा अभ्यास स्वयंपाकघराला लावला आणि ओटा, शेगडी व फ्रिज यांच्यात बाईला किती पावले चालावी लागतात हे मोजले. पायाने उघडणारी कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातील आतले कप्पे यांचे श्रेय त्यांना दिले जाते. आपण एवढेच करावे: चहाचे सगळे साहित्य एका ठिकाणी, डब्याचे सगळे साहित्य एका ठिकाणी, आणि प्रत्येक डब्यावर नाव. नाव असले की आईला हाक न मारता पाहुण्यालाही साखर सापडते.

मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून चालत आली आहे, आणि तिचे मर्म डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणांमध्ये आहे. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, पण तो कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा, हे झाकणावरच असल्याने कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून राहत नाही.

सहावी पायरी : तपासणी याद्या

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले. वैमानिक अनुभवी होते. विमान जमिनीवर असताना त्याचे नियंत्रक पृष्ठभाग, म्हणजे हवेत विमान वळवणारे हलते भाग, अडकवून ठेवणारी कुलपे उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी छोट्या तपासणी याद्या तयार झाल्या. हुशार माणसेही ओळखीच्या कामातली एखादी पायरी विसरतात, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

घरासाठी अशा चार याद्या पुरेशा आहेत: सकाळी घराबाहेर पडतानाची, गावाला जातानाची, दवाखान्यात जातानाची आणि पाहुणे येणार असतानाची. प्रत्येक यादी सात-आठ ओळींहून मोठी नसावी, नाही तर ती कोणी वाचत नाही. बाहेर पडतानाची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावावी: गॅसचा रेग्युलेटर, नळ, गिझर, डबे, किल्ल्या, पास, छत्री. दवाखान्याच्या यादीत जुनी फाइल, चालू गोळ्यांची नावे, विम्याचे कार्ड आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असावेत. प्रश्न आदल्या रात्री लिहिले नाहीत तर ते हमखास परतीच्या रिक्षात आठवतात.

सातवी पायरी : वर्षाचा आराखडा आणि पैसा

मराठी घरात भिंतीवरचे कालनिर्णय हे नियोजनाचे साधन पूर्वीपासून आहेच: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या त्याच चौकोनांत लिहिल्या जातात. जानेवारीत नवे कॅलेंडर आल्यावर एका बैठकीत वर्षाच्या ठरलेल्या तारखा त्यावर उतरवाव्यात. ३१ मार्चपूर्वी पीपीएफ खात्यात किमान ५०० रुपये भरणे, जूनच्या मध्यावर सुरू होणारी शाळा आणि तिची मे महिन्यातील खरेदी, पगारदारांचे सहसा ३१ जुलैपर्यंत भरायचे आयकर विवरणपत्र, आजींना निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरातील हयातीचा दाखला, वाहनाचा विमा आणि पीयूसी, मुलाच्या आधारचे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करायचे बायोमेट्रिक अद्ययावतीकरण. प्रत्येक तारखेच्या तीन आठवडे आधीच्या चौकोनातही एक खूण करावी, कारण काम त्या दिवशी सुरू व्हायला हवे.

वर्षातून एकदा येणारे खर्च अचानक आले असे वाटते, पण ते तसे नसतात. समजा, शाळेची फी ६०,००० रुपये, विमा ३०,०००, दिवाळी २५,००० आणि मालमत्ता कर ५,००० आहे. एकूण १,२०,००० होतात. म्हणजे दर महिन्याला १०,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात पगाराच्या दिवशीच वळवले, तर कोणताही महिना जड जात नाही. ज्या खर्चाला एकमेकांना विचारावे लागेल त्याची मर्यादा ठरवा आणि तिच्या आतील खर्चाचा जाब कोणी कोणाला विचारू नये.

आठवी पायरी : माणूस न आल्यास काय

चांगल्या संस्थेत मुख्य व्यवस्था बंद पडल्यास काय करायचे, हे आधी लिहिलेले असते. डोंबिवलीच्या आपल्या कुटुंबाला अशा चार शक्यता नक्की भेडसावतील: मावशी आल्या नाहीत, मुलाला ताप आला, मुसळधार पावसात लोकल बंद पडली, आजींना रात्री बरे वाटेनासे झाले. प्रत्येक शक्यतेसाठी अर्धे पान पुरते. लोकल बंद असेल तर पाळणाघरातून मुलाला कोण आणणार? शेजारच्या काकू आणणार असतील, तर त्यांचे नाव पाळणाघराला आणि शाळेला आधीच लेखी द्यावे, घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवावी आणि मुलालाही हे सांगून ठेवावे. ताप आल्यास रजा कोण घेणार, हे सकाळी साडेसहाला भांडून ठरवू नये; आळीपाळी ठरवून मागची रजा कोणाची होती हे कॅलेंडरवर लिहावे. रात्रीच्या दवाखान्यासाठी डॉक्टरांचा क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि १०८ ही रुग्णवाहिका सेवा मोठ्या अक्षरांत फळ्याशेजारी असावी.

मावशींच्या बाबतीत आणखी एक. कार्यालयात आपल्याला भरपगारी रजा हवी असते, तर घरात काम करणाऱ्या बाईलाही ती मिळाली पाहिजे. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस आणि आजारपणातली रजा हे सुरुवातीलाच स्पष्ट बोलून घेतले, तर त्या आदल्या दिवशी कळवतात आणि घराचीही तयारी होते.

नववी पायरी : काय आणू नये

काही पद्धती कार्यालयातच राहू द्याव्यात. माणसांना गुण देणे, भावंडांच्या कामांची तुलना करणारे तक्ते लावणे, पाणी भरल्याबद्दल मुलीला पैसे देणे हे घरात करू नये. घरातले काम आपले म्हणून करायचे असते आणि त्याला दर लावला की दर न परवडल्यास ते नाकारण्याचा हक्कही येतो. आजींच्या तीच गोष्ट पुन्हा सांगण्यात, मुलाच्या रेंगाळत जेवण्यात वेळ वाया जातो असे ज्याला वाटू लागेल, त्याने फळा काही दिवस पुसून ठेवावा. हा वेळ मिळावा म्हणूनच बाकीची शिस्त आहे.

सर्व पायऱ्या एकदम सुरू करू नयेत. पहिला महिना नोंदवही, नावांची वाटणी आणि रविवारची बैठक यांना द्यावा, दुसऱ्या महिन्यात फळा आणि साठा घ्यावा, याद्या आणि वार्षिक आराखडा त्यानंतर. महिन्याच्या शेवटच्या बैठकीत काय चालले आणि काय चालले नाही ते विचारून एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे फरक पडला हे कळते.

तीन-चार महिन्यांनी व्यवस्था तपासून पाहा. घराची सूत्रे जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जास्त आहेत, त्या व्यक्तीने चार दिवस माहेरी, मित्राकडे किंवा कोठेही निवांत राहायला जावे आणि स्वयंपाक करून, सूचना लिहून जाऊ नये. त्या चार दिवसांत घरून जे प्रश्न फोनवर येतील ते तिने एका कागदावर टिपून घ्यावेत: लाइटचे बिल कुठे आहे, आजींची संध्याकाळची गोळी कोणती, पाळणाघराची फी दिली का. परत आल्यावर रविवारच्या बैठकीत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या फळ्यावर, कोणत्या यादीत किंवा कोणत्या डब्यावर लिहायचे, ते ठरवावे आणि त्याच दिवशी लिहून टाकावे.